बालमानसोपचार केंद्रातील साहाय्यक कर्मचारी व त्यांचे पर्यवेक्षण

एखाद्या मोठ्या सरकारी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात सकाळी नऊच्या सुमारास जाऊन उभे राहिले, तर एक गोष्ट सहज ध्यानात येते. मनोविकारतज्ज्ञाला दाखवण्यासाठी आणलेले मूल प्रत्यक्ष तज्ज्ञाच्या खोलीत पाऊल टाकते, तोपर्यंत ते चार-पाच माणसांना भेटून चुकलेले असते. फाटकावरचा पहारेकरी, केसपेपर काढून देणारा कारकून, रांग लावणारा शिपाई, वजन-उंची घेणारी परिचारिका, बाकड्यावर जागा करून देणारी आया अशी ही माणसे होत. तज्ज्ञ त्या मुलाला काही मिनिटे पाहतात. ही माणसे त्याला कित्येकदा दोन-तीन तास पाहत असतात. मूल आईच्या पदराआड कसे लपते, बापाने हाक मारताच त्याचा चेहरा कसा बदलतो, शेजारच्या मुलाचे खेळणे ते हिसकावून घेते की नुसते पाहत राहते, हे सारे व्हरांड्यात घडते. तज्ज्ञाच्या खोलीत यातले फार थोडे पोहोचते.

असे असूनही केंद्राच्या कामाचा विचार करताना या माणसांची गणना क्वचितच होते. त्यांची हजेरी घेतली जाते, रजा मंजूर वा नामंजूर होते, चूक झाल्यास मेमो दिला जातो. आणि यालाच पर्यवेक्षण असे नाव दिले जाते. प्रस्तुत प्रकरणाचा हेतू पर्यवेक्षणाची ही कल्पना किती अपुरी आहे, हे दाखवण्याचा आहे. ज्याचे म्हणणे कोणी ऐकून घेत नाही, तो मुलाचे म्हणणे ऐकून घेऊ शकत नाही. म्हणून साहाय्यक कर्मचाऱ्याचे बोलणे नियमितपणे, ठरलेल्या वेळी ऐकून घेणे हा उपचाराचाच एक भाग आहे, असे आमचे प्रतिपादन आहे.

तिघांचा संघ आणि उरलेली माणसे

बालमार्गदर्शनाच्या आधुनिक कार्याचा आरंभ सामान्यतः १९०९ या वर्षापासून मानतात. त्या वर्षी शिकागो येथे बालन्यायालयासमोर येणाऱ्या मुलांचा अभ्यास करण्यासाठी विल्यम हीली यांच्या नेतृत्वाखाली एक संस्था सुरू झाली. पुढे १९२० नंतरच्या दशकात अमेरिकेत अशी अनेक केंद्रे निघाली आणि मनोविकारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ व समाजकार्यकर्ता या तिघांनी मिळून मुलाचा विचार करावा, ही पद्धत रूढ झाली. आपल्या देशात मुंबईच्या सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क या संस्थेने, म्हणजे आजच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने, १९३७ साली बालमार्गदर्शन केंद्र सुरू केले. देशातील हे पहिले बालमार्गदर्शन केंद्र होय. त्यानंतर १९५४ मध्ये बंगळूर येथे अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था स्थापन झाली आणि १९७४ मध्ये तिचे तेथील मानसोपचार रुग्णालयाशी एकत्रीकरण होऊन ‘निम्हान्स’ ही संस्था अस्तित्वात आली. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ साली आखला गेला आणि १९९६ पासून तो जिल्हा पातळीवर नेण्याचे प्रयत्न सुरू झाले.

या वाटचालीत तिघांचा संघ हीच कल्पना आदर्श मानली गेली. परंतु तिघांचा संघ पूर्णपणे भरलेला आहे, अशी केंद्रे आजही मोजकीच. २०१५-१६ या काळात बारा राज्यांत झालेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ या वयोगटातील ७.३ टक्के मुलामुलींमध्ये मानसिक विकार आढळले. एवढ्या मुलांची गरज केवळ तज्ज्ञांच्या बळावर भागणे शक्य नाही. त्यामुळे एकीकडे जुने कारकून, शिपाई व आया, तर दुसरीकडे अल्प मुदतीचे प्रशिक्षण घेतलेले समुपदेशक व आरोग्यसेविका, अशा दोन्ही प्रकारच्या साहाय्यकांवर बाह्यरुग्ण सेवेचा फार मोठा भार पडतो. या दोन्ही वर्गांची अडचण एकच आहे. मुलाचे दुःख त्यांना रोज दिसते. पण ते पाहून काय करावे आणि कोणाला सांगावे, हे त्यांना कोणी शिकवलेले नसते.

बॉयलर सांभाळणाऱ्याची नोंद

साहाय्यक कर्मचाऱ्याच्या नजरेचे मोल किती असू शकते, याचे एक बोलके उदाहरण इतिहासात आहे. दुसऱ्या महायुद्धात लंडनवर बाँबवर्षाव चालू असताना घरादारास मुकलेल्या मुलांसाठी अ‍ॅना फ्रॉइड व डोरोथी बर्लिंगहॅम यांनी हॅम्पस्टेड येथे निवासी बालगृहे चालवली. तेथे १९४१ साली जेम्स रॉबर्टसन नावाचा तरुण बॉयलर सांभाळण्याच्या व किरकोळ दुरुस्तीच्या कामावर रुजू झाला. त्या बालगृहांत एक नियम असा होता, की कर्मचारी कोणत्याही कामावर असो, त्याने मुलांच्या वागण्यात जे काही दिसेल ते कार्डावर लिहून काढावे. या कार्डांवर दर आठवड्याला सर्वांनी मिळून चर्चा करावी, असाही प्रघात होता. बॉयलर सांभाळणाराही त्याला अपवाद नव्हता.

हेच रॉबर्टसन पुढे समाजकार्यकर्ते व मनोविश्लेषक झाले. रुग्णालयात आईवडिलांपासून दूर ठेवलेल्या एका दोन वर्षांच्या मुलीवर त्यांनी १९५२ साली काढलेल्या चित्रपटाने डॉक्टर व परिचारिका यांना अस्वस्थ करून सोडले. रुग्णालयातील मुलांना आईवडिलांनी मोकळेपणी भेटावे, अशी शिफारस ब्रिटनमध्ये १९५९ साली प्लॅट समितीने केली, तिच्यामागे या कार्याचा वाटा मोठा होता.

प्रत्येक शिपायाने मनोविश्लेषक व्हावे, असा या उदाहरणाचा अर्थ नव्हे. अर्थ एवढाच की, पाहण्याची संधी हुद्द्यावर अवलंबून नसते. आणि पाहिलेले बोलून दाखवण्यासाठी जागा असली, तर माणूस अधिक बारकाईने पाहू लागतो. हॅम्पस्टेडची बालगृहे निवासी होती, आपली केंद्रे बाह्यरुग्णांची आहेत. परंतु कार्ड आणि साप्ताहिक बैठक ही दोन साधने आपल्याकडेही तितकीच उपयोगी आहेत, आणि त्यांना खर्च जवळजवळ नाही.

पर्यवेक्षणाची तीन अंगे

समाजकार्याचे अमेरिकन अध्यापक आल्फ्रेड कॅडुशिन यांनी १९७६ मध्ये पर्यवेक्षणाची तीन अंगे सांगितली: प्रशासकीय, शैक्षणिक आणि आधार देणारे. आपल्या विषयाला ही मांडणी चांगली लागू पडते.

पहिले अंग प्रशासनाचे. कामाची वाटणी, वेळा, नोंदी, नियमांचे पालन या गोष्टी त्यात येतात. हे अंग आवश्यकच आहे. आया नेमके काय करणार व काय करणार नाही, हे लेखी ठरलेले नसेल, तर जो तो तिला आपापले काम सांगतो आणि दोष मात्र तिच्या माथी येतो.

दुसरे अंग शिक्षणाचे. जोराचा आवाज झाला की स्वमग्न मूल कान झाकून ओरडू लागते. ते हट्टीपणाने नव्हे, त्याला तो आवाज खरोखरच सोसत नाही, हे शिपायाला कळले की तो रांगेत नावे पुकारताना आवाज आपोआप खाली आणतो. अपस्माराचा झटका आलेल्या मुलाच्या तोंडात चमचा घालू नये, नाकाशी कांदा वा चप्पल धरू नये, त्याला कुशीवर वळवावे आणि झटका किती वेळ टिकला हे घड्याळात पाहून लिहून ठेवावे, ही माहिती पाच मिनिटांत देता येते. असे शिक्षण एकदाच वर्ग भरवून होत नाही. घडलेल्या प्रसंगाचा धागा धरून ते थोडे थोडे द्यावे लागते.

तिसरे अंग आधाराचे, आणि दुर्दैवाने बहुतेक ठिकाणी तेच हरवलेले असते. मारहाण झालेली, जीव देऊ पाहणारी, बोलणे थांबलेली मुले रोज पाहणाऱ्याच्या मनावर ओरखडे उमटतातच. तज्ज्ञाला निदान आपल्या समव्यवसायी मंडळींशी बोलता येते. आयेने ते ओझे कोठे उतरवावे? घरी सांगितले तर गोपनीयतेचा भंग होतो, आणि न सांगितले तर मन आतल्या आत कोंडते.

केवळ तपासणीचा परिणाम

आधाराचे अंग गाळून नुसती तपासणी वाढवली की काय होते, याचे विवेचन इझाबेल मेंझिस यांनी १९६० साली प्रसिद्ध केलेल्या लेखात आढळते. लंडनच्या एका रुग्णालयातील परिचारिकांच्या कामाचा त्यांनी अभ्यास केला होता. आजार, वेदना व मृत्यू यांच्या सान्निध्यातून उपजणारी चिंता टाळण्यासाठी त्या रुग्णालयाने कामाचे बारीक तुकडे पाडले होते. एका परिचारिकेने एका रुग्णाकडे पूर्णपणे पाहायचे नाही, तर अनेकांचे एकेक काम करायचे. रुग्णाचा उल्लेख नावाऐवजी खाटेच्या क्रमांकाने वा आजाराच्या नावाने करायचा. प्रत्येक निर्णय पुन्हा पुन्हा तपासून घ्यायचा. यामुळे चिंता कमी झाली नाही. उलट कामातील समाधान गेले आणि विद्यार्थी-परिचारिकांपैकी सुमारे एक-तृतीयांश प्रशिक्षण पुरे न करताच निघून गेल्या.

आपल्याकडील व्हरांड्यात ‘तो फिटवाला पोरगा’, ‘एकवीस नंबर’ असे शब्द कानी येतात, तेव्हा ते उद्धटपणाचेच लक्षण असते असे नाही. ज्याला दुःखाशी दोन हात करण्यास कोणी मदत केली नाही, त्याने घातलेले ते चिलखत असते. ते मेमो देऊन उतरत नाही.

एक प्रसंग

विवेचन स्पष्ट व्हावे म्हणून एक काल्पनिक प्रसंग घेऊ. आठ वर्षांच्या एका मुलाला त्याची आई केंद्रात घेऊन येते. तो रात्री अंथरूण ओले करतो आणि अलीकडे शाळेत जाण्यास नकार देतो. पहिल्या भेटीत तपासणी होते, पुढची तारीख दिली जाते. त्या तारखेला नोंदवहीत त्याच्या नावापुढे ‘गैरहजर’ असा शब्द पडतो. त्यापुढच्या तारखेलाही तसेच होते. आईला उपचाराचे महत्त्व पटले नाही, असा निष्कर्ष काढून कागद बाजूला ठेवला जातो.

केंद्रातील समाजकार्यकर्ती दर शनिवारी साहाय्यकांची बैठक घेते. एका शनिवारी ती विचारते, “या आठवड्यात कोणाला काही खटकलं का? कामातलं, मुलांचं, कशाचंही.” थोडा वेळ कोणी बोलत नाही. मग आया म्हणते, “ताई, बोलू का नको असं होतंय. कुणाची तक्रार करायची नाही मला.”

“बोला ना मावशी. तक्रार म्हणून नका सांगू. काय पाहिलंत तेवढंच सांगा.”

“तो निळ्या शर्टातला मुलगा आला होता ना गेल्या महिन्यात, आईबरोबर? खिडकीवर विचारलं, ‘तक्रार काय?’ बाईंनी हळू सांगितलं, ऐकू आलं नाही. परत विचारलं. मग त्या मोठ्यानं म्हणाल्या, ‘अंथरूण ओलं करतो.’ मागची पोरं हसली. मुलगा भिंतीकडे तोंड करून उभा राहिला, तो नंबर लागेपर्यंत वळलाच नाही.”

कारकून तेथेच बसलेला असतो. त्याचा चेहरा उतरतो. तो म्हणतो, “ताई, खिडकीसमोर शे-दीडशे माणसं असतात. फॉर्मवर ‘तक्रार’ असा रकाना आहे, तो मला भरावाच लागतो.”

येथे पर्यवेक्षकाची कसोटी लागते. कारकुनाला सर्वांदेखत दोष देणे सोपे आहे; पण मग पुढच्या शनिवारी कोणीही तोंड उघडणार नाही. समाजकार्यकर्ती प्रथम म्हणते, “तुम्ही रकाना भरत होतात, त्याला शरमिंदा करायचा तुमचा हेतू नव्हता, हे मला कळतं. पण त्या मुलाला काय वाटलं असेल, ते आपण सगळ्यांनी मिळून जरा बघू या.” नंतर ती प्रश्न विचारते: हा रकाना खिडकीवर भरण्याची खरोखर गरज आहे का? चर्चेअंती असे ठरते की, खिडकीवर फक्त नाव, वय व पत्ता घ्यावा आणि तक्रार आत, बंद दारामागे, परिचारिकेने लिहावी. ही सूचना कारकूनच मांडतो.

त्या मुलाच्या घरी फोन केला जातो. आई ‘बघू’ एवढेच म्हणते. तो मुलगा पुन्हा येतो की नाही, हे कोणाच्या हाती नाही. परंतु नोंदवहीतील ‘गैरहजर’ या शब्दाचा अर्थ आता बदललेला असतो. उपचार तुटला तो आईच्या अज्ञानामुळे नव्हे, तर आपल्याच खिडकीवर. आणि ही गोष्ट केंद्रात फक्त एका आयेला ठाऊक होती.

बैठकीची पद्धत

अशी बैठक भरवताना काही पथ्ये पाळणे हितावह ठरते. तिचा वार व वेळ ठरलेली असावी आणि ती कामाच्या वेळेतच व्हावी. काम संपल्यावर थांबवून घेतलेली बैठक ही शिक्षा वाटते. पाऊण तास पुरे. सर्वांनी एकाच पातळीवर बसावे. डॉक्टर खुर्चीत आणि आया भिंतीशी उभी, अशा मांडणीत बोलणे होत नाही. प्रत्येकाने एक प्रसंग सांगावा. ज्याला लिहिता येत नाही, त्याचे बोलणे दुसऱ्याने कार्डावर उतरवून घ्यावे. प्रथम काय पाहिले ते सांगावे आणि त्याचा अर्थ काय असावा हे मागाहून बोलावे. ‘मूल बिघडलेले आहे’ हा अर्थ झाला. ‘आईने पाणी पिण्यास उठताच मुलाने तिची साडी घट्ट धरली’ ही नोंद झाली. नोंदीवरून पुढे जाता येते. तयार अर्थावरून जाता येत नाही.

शिस्तभंगाची चौकशी आणि ही बैठक यांची सरमिसळ कधीही करू नये. मुलाला मारणे, पैसे घेणे, अंगचटीला जाणे यांसारख्या गोष्टींबाबत तात्काळ व स्वतंत्र कारवाई झालीच पाहिजे. पर्यवेक्षकाने आधार द्यावा याचा अर्थ त्याने डोळेझाक करावी असा होत नाही.

गोपनीयता आणि तिची मर्यादा

२०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा अधिनियमाने रुग्णाचा गोपनीयतेचा हक्क मान्य केला आहे. आयेने शेजारणीला, शिपायाने चहाच्या टपरीवर मुलाविषयी काही सांगणे म्हणूनच गैर आहे. हे प्रत्येक नव्या कर्मचाऱ्यास पहिल्याच दिवशी समजावून सांगितले पाहिजे.

तथापि एके ठिकाणी गप्प राहणे हाच अपराध ठरतो. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करण्यासाठी २०१२ साली झालेल्या, ‘पोक्सो’ या नावाने परिचित असलेल्या कायद्यानुसार, अठरा वर्षांखालील मुलावर असा अपराध झाल्याचे जिला कळेल, त्या कोणत्याही व्यक्तीने पोलिसांना वा विशेष बालपोलीस पथकाला कळवणे बंधनकारक आहे. न कळवल्यास शिक्षेची तरतूद आहे. हे बंधन केवळ डॉक्टरांवर नाही. आणि अनुभव असा, की मूल आपले गुपित पुष्कळदा खुर्चीतल्या माणसाला न सांगता पाणी आणून देणाऱ्या मावशीला सांगते.

अशा क्षणी मावशीने काय करावे, याची तयारी आधीच करून घेतली पाहिजे. घाबरून जाऊ नये. ‘खरं सांगतोस ना?’ असे विचारू नये. खोदून प्रश्न करू नयेत. ‘कोणालाही सांगणार नाही’ असे वचन तर मुळीच देऊ नये. ‘तू सांगितलंस हे चांगलं केलंस, तुला मदत करणाऱ्या माणसाला आपण हे सांगू या,’ एवढे म्हणावे, मुलाला एकटे सोडू नये आणि त्याच दिवशी, त्याच तासात पर्यवेक्षकाला सांगावे. मुलाचे शब्द जसेच्या तसे लिहून ठेवावे. पुढील जबाबदारी पर्यवेक्षकाने तात्काळ उचलावी. संकटातील मुलांसाठी १०९८ हा दूरध्वनी क्रमांक व्हरांड्यात दिसेल अशा जागी लावलेला असावा. आणि त्या संध्याकाळी पर्यवेक्षकाने मावशीलाही विचारावे, “मावशी, तुम्ही कशा आहात?” हा प्रश्न औपचारिकतेचा नव्हे, तिसऱ्या अंगाचा तो गाभा आहे.

गोव्यातील अनुभव

पर्यवेक्षण नीट असेल तर तज्ज्ञेतर माणूस किती पुढे जाऊ शकतो, हे गोव्यातील कामावरून दिसून येते. तेथील ‘संगाथ’ या १९९६ साली स्थापन झालेल्या संस्थेने आणि पाकिस्तानातील रावळपिंडी येथील सहकाऱ्यांनी स्वमग्न मुलांच्या पालकांसाठी ब्रिटनमधील एक पद्धत आपल्या परिस्थितीस अनुरूप करून घेतली. पालक व मूल यांच्या खेळाचे चित्रण करायचे आणि ते पालकांबरोबर पाहून मुलाच्या बारीकसारीक खुणा ओळखायला शिकवायचे, असे तिचे स्वरूप होते. हे काम तज्ज्ञांनी नव्हे, तर प्रशिक्षित आरोग्यकार्यकर्त्यांनी केले; त्यांच्या कामावर स्थानिक तज्ज्ञांची व त्यांच्यावर ब्रिटनमधील अनुभवी उपचारकांची देखरेख होती. ६५ मुलांच्या या अभ्यासाचे निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाले. पालकांचा प्रतिसाद मुलाच्या कलाशी अधिक जुळू लागला आणि मुले आपण होऊन संवाद सुरू करू लागली. मात्र दोघांनी एकाच गोष्टीत मिळून लक्ष गुंतवण्याच्या बाबतीत तशी सुधारणा दिसली नाही. प्रत्येक मोजमाप अनुकूल आले नाही, हे येथे मुद्दाम नमूद केले पाहिजे.

गोव्यातच प्रौढ रुग्णांसाठी काम करणाऱ्या समुपदेशकांनी एकमेकांच्या बैठकींचे ध्वनिमुद्रण गटात बसून ऐकण्याची व त्यांना गुण देण्याची पद्धत वापरली. त्यांनी दिलेले गुण तज्ज्ञांनी दिलेल्या गुणांशी बरेचसे जुळले. याचा बोध असा, की पर्यवेक्षण ही नेहमी वरून खाली येणारी गोष्ट असलीच पाहिजे असे नाही. योग्य साधन हाती दिले, तर सहकारीही एकमेकांचे पर्यवेक्षक होऊ शकतात. तज्ज्ञांची वाण असलेल्या आपल्या देशात या गोष्टीचे महत्त्व सांगायला नको.

समारोप

बाह्यरुग्ण सेवेचे यश मूल पुन्हा येण्यावर अवलंबून असते. निवासी रुग्णालयात मूल आपल्या ताब्यात असते. येथे ते रोज घरी जाते, आणि परत यावे की न यावे हे घरच्यांच्या मनावर राहते. ते मन घडते फाटकावर, खिडकीवर आणि बाकड्यावर. त्या तीन ठिकाणी जी माणसे बसलेली असतात, त्यांना आठवड्यातला पाऊण तास देणे कोणत्याही केंद्राला अशक्य नाही. त्या पाऊण तासात ‘काय चुकले?’ या प्रश्नाआधी ‘काय पाहिले?’ हा प्रश्न विचारला जावा, एवढेच पर्यवेक्षकाकडे मागणे आहे.